भाडेकरूच्या मुलाचा उपद्रव: ट्रस्टनं खोली खाली करून घ्यावी का?

चाळ_विश्वस्त: मुंबईत धर्मादाय ट्रस्टची चाळ आहे. खोली सत्तरी उलटलेल्या आजींच्या नावावर, भाडं वेळेवर. सोबत राहणारा मुलगा दारू पिऊन रात्री शेजाऱ्यांची दारं बडवतो, सामाईक नळाची तोटी दोनदा तोडली. रहिवासी म्हणतात, काढा त्यांना. दावा टिकेल का? आणि लावावा का?

भाडेकायदा: टिकू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 16(1)(सी): भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुणाचाही शेजाऱ्यांना उपद्रव झाला, तरी ताबा मागता येतो. आजी स्वतः शांत आहेत एवढा बचाव पुरत नाही. मात्र एखाददुसऱ्या भांडणावर न्यायालय घर काढून घेत नाही. उपद्रव गंभीर आणि वारंवार होणारा हवा.

दावे पडतात ते साक्षीत. तक्रारअर्जावर अख्ख्या मजल्याच्या सह्या असतात, उलटतपासणीला कुणी उभं राहत नाही. विश्वस्तांच्या कानावर आलेलं उपयोगाचं नाही. भिंतीला भिंत लागून राहणारे दोघं-तिघं येतील का, ते आधी विचारा. तारीख, वेळ, काय घडलं, कुणी पाहिलं हे त्याच दिवशी वहीत लिहा. एनसीच्या (पोलिसांत नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारीच्या) प्रती आणि तोटी बदलल्याचं प्लंबरचं बिल सोबत ठेवा.

लघुवाद: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 ची, भाडेकरार संपवल्याची नोटीस लागत नाही (सर्वोच्च न्यायालय, धनपाल चेट्टियार, 1979), तरी घटनांच्या तारखा घालून द्याच. ट्रस्टचा ठराव करा, सगळ्या विश्वस्तांना वादी करा. भाडं घेताना पावतीवर ‘हक्क अबाधित राखून’ लिहा. रहिवाशांनी कितीही आग्रह धरला तरी पाणी-वीज तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली तो गुन्हा आहे.

मजला_दुसरा: माझं मत, दावा इतक्यात नको. हुकूमनामा झाला तर अख्खी खोली जाते आणि रस्त्यावर आजी येतात. आधी पोलिसांना चॅप्टर केस करायला लावा: भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली मुलाकडून शांतता राखण्याचं, जास्तीत जास्त एक वर्षाचं बंधपत्र (लेखी हमी) घेता येतं. आजींनाही त्रास असेल तर ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 खालच्या न्यायाधिकरणाकडे मुलाला घराबाहेर काढण्याची मागणी करता येते. खोली आजींकडेच राहते.

चाळ_विश्वस्त: आजी मुलाविरुद्ध सही करणार नाहीत.

मजला_दुसरा: मग चॅप्टर केसच. तिला त्यांची सही लागत नाही, शेजाऱ्यांच्या तक्रारी पुरतात. बंधपत्रानंतरही दारं बडवली, तर तीच नोंद तुमच्या दाव्यातला सगळ्यात भक्कम कागद.