मदत हवी आहे: टॉवेल-चादरीच्या वेस्टच्या विटा किंवा पॅनेल कुणी केलेत का?

माग_आणि_मी:
नमस्कार मंडळी, सोलापूरचा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे आठ माग आहेत, टॉवेल आणि थोड्या जॅकार्ड चादरी. प्रॉब्लेम असा की चांगलं सुती वेस्ट भंगारवाला नेतो, गॅरेजवाले हात-मशीन पुसायला घेतात, पण किनारीच्या पट्ट्या, बीम (उभे धागे गुंडाळलेला मागाचा रूळ) संपताना उरलेला ताणा, म्हणजे ते उभे धागे, मागाखालची रुई आणि पॉलिस्टर मिक्स माल याला कुणी हात लावत नाही. मागच्या शेडमध्ये पोत्यांची थप्पी लागलीय, उंदरांनी संसार मांडलाय.

मध्ये वाचलं की फ्रान्समधल्या क्लारिस मेर्ले या आर्किटेक्ट बाई जुने कपडे बारीक करून, गोंद घालून, साच्यात दाबून विटा करतात, फॅबब्रिक नावाने, भट्टी नाही काही नाही, नुसत्या वाळवायच्या. म्हटलं टॉवेलच्या गावात राहून आपण का नाही, आणि गच्चीवर उद्योग सुरू केला.

पहिला घाणा फेव्हिकॉलचा. वीट दिसायला एक नंबर, रंगीत, हातात घेतली तर पावासारखी हलकी. आईने त्या मोरीजवळ ठेवल्या आणि पावसाळ्यात काळी बुरशी आली, वास तर विचारू नका. उरलेल्या एकीला नानांनी काडी लावून बघितली, जाळ लगेच विझला म्हणून आम्ही खूश, सकाळी बघतो तर आतून रात्रभर धुमसून अर्धी वीट राख. नाना म्हणाले, भिंत बांधतोस का शेकोटी?

दुसरा घाणा सिमेंटचा. चार भाग फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख (आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्राची, ओळखीच्या वीटवाल्याकडून), एक भाग सिमेंट, आणि कातरलेलं वेस्ट. बारा विटा पाडल्या. आठव्या दिवशी नऊ विटा नखाने खरवडल्या तरी भुगा पडतोय, तीन मात्र ठणठणीत. माल तोच, पाणी तेच, ऊन तेच. डोकं चालेना झालंय.

तर विचारायचंय, एक म्हणजे हे असं का होतंय. दुसरं, वीट नाही जमली तर पॅनेल करून मागाच्या शेडला पत्र्याखाली लावता येतील का, कारण एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढं गेला की पत्र्याखाली उभं राहवत नाही ओ, कामगार दुपारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन माग चालवतात. आणि तिसरं, वेस्ट बारीक कशाने करायचं? मामांची कडबाकुट्टी आणली होती, सगळं सूत शाफ्टला गुंडाळलं, दोन तास ब्लेडने कापत बसलो, मामा अजून बोलत नाहीत.

सिमेंटवाला:
त्या तीन विटांमधला कपडा वेगळा होता का? आठवून सांगा. धुतलेला होता का?

माग_आणि_मी:
थांबा थांबा. हो! त्या तिन्हीत ब्लीच होऊन आलेल्या टॉवेलचं कटिंग होतं, बाकी नऊमध्ये बीमचा ताणा.

सिमेंटवाला:
मग उत्तर तुमच्या घरातच आहे, खळ! ताण्याला स्टार्चची खळ असते, ती ओल्या मिक्समध्ये सुटते आणि सिमेंट सेट होऊ देत नाही. काँक्रीटमध्ये साखर पडली की ते जमत नाही हे कुठलाही मिस्त्री सांगेल, हे त्याचंच भावंड. ताणा गरम पाण्यात भिजवून चांगला खळबळून घ्या, मग वापरा. आणि सूत पाणी पितं, म्हणून कोरडं टाकू नका, आधी भिजवून पिळून टाका, नाहीतर सिमेंटच्या वाट्याचं पाणी तेच ओढतं.

अजून एक, सिमेंटच्या अल्कलीने सुती धागा हळूहळू ठिसूळ होतो. फ्लाय अ‍ॅश जास्त ठेवली की हा त्रास कमी होतो, ते तुम्ही नकळत बरोबर केलंय. पण म्हणून भार घेणारी भिंत बांधू नका. फॅबब्रिकसुद्धा पार्टिशन आणि सजावटीलाच वापरतात. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये पाच विटा दाबून बघायला द्या आणि पाच विटा २४ तास पाण्यात बुडवून वजन करायला. साध्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असा हिशेब असतो, तुमची पहिल्या फटक्यात त्यात बसेल असं वाटत नाही, राग मानू नका.

खवचट_सोलापूरकर:
उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम, पावसाळ्यात बुरशी. जाहिरात तयार आहे की बे.

पुणेकर_इंटेरियर:
दादा, मागाच्या शेडमध्ये सुती पॅनेल प्लीज लावू नका. तिथं हवेत रुई उडते, ती पॅनेलवर बसणार, मोटरची एक ठिणगी पुरे, आणि नानांच्या काडीने दाखवलंच की सूत आतून धुमसतं. अमेरिकेत जुन्या जीन्सचं इन्सुलेशन मिळतं, पण त्यावर बोरेटची (बोरॅक्ससारख्या क्षारांची) प्रक्रिया केलेली असते, त्याने आग, बुरशी, वाळवी तिन्हीला आळा बसतो. तुम्ही बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात वेस्ट भिजवून, कडक उन्हात वाळवून मग दाबा, हातमोजे घालून. आधी ऑफिसच्या पार्टिशनला लावा, आवाजाला मस्त बसतं. पत्र्याला तोवर वरून पांढरा चुना मारा, स्वस्तात फरक पडतो.

माग_आणि_मी:
सगळ्यांचे आभार, खळीचं तर डोक्यातच आलं नव्हतं, जन्म गेला खळीच्या वासात आणि चूक तिथंच. काल रात्री ताणा गरम पाण्यात टाकला, सकाळी पाणी पेजेसारखं झालं होतं, आई म्हणते जनावराला पाजलं तरी चालेल (नाही पाजणार). रविवारी नवीन सहा विटा पाडतो, तीन धुतलेल्या, तीन न धुतलेल्या, नंबर घालून. फोटो टाकतो.

पण कडबाकुट्टीचं कुणी सांगितलंच नाही!

सिमेंटवाला:
पट्ट्या आधी कुऱ्हाडीने ठोकळ्यावर बोटभर लांबीच्या तोडून घ्या, लांब धागा राहिला की कुठल्याही मशीनला गुंडाळणारच. आणि मामांना दोन चादरी द्या.