लाखभर किलोमीटर धावलेली ऑटोमॅटिक: गिअरबॉक्सचं तेल बदलायचं की हात लावायचा नाही?

घाटमाथा:
दहा-बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक घेतली की कोल्हापुरात पहिला सल्ला मिळतो, ‘चालतंय नव्हं? मग गिअरबॉक्सला हात लावू नको.’ हा सल्ला घातक आहे असं माझं ठाम मत आहे. मी टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनची ताकद तेलाच्या जोरावर पुढं देणाऱ्या) चार-पाच गिअरच्या पेट्यांबद्दल, म्हणजे गिअरबॉक्सबद्दल बोलतोय. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, क्लच-गिअर मशीन टाकतं) आणि सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा) हा वेगळा विषय.

आपल्याकडं कोकणात उतरायचं म्हणजे आंबा, करूळ नाहीतर फोंडा घाट. परतीच्या चढाला वेग कमी, कन्व्हर्टरचा लॉक (इंजिन आणि पेटी थेट जोडणारा क्लच) सुटलेला, त्यामुळं आतलं तेल घुसळून तापतं. तापलेलं तेल लवकर जुनं होतं, हे कंपनीनं ‘लाइफटाइम’ (कधीच बदलायला नको) लिहिलं म्हणून बदलत नाही. ४० ते ५० हजार किलोमीटरवर तेल बदलायलाच पाहिजे. नुसता तळाचा ड्रेन नट खोलून पूर्ण तेल निघत नाही, अर्ध्याहून जास्त कन्व्हर्टर वगैरेत आतच राहतं. समजा एकूण ६ लिटर आहे आणि एका वेळी अडीच निघतं. एकदा बदललं तर ५८ टक्के जुनंच राहिलं. मध्ये शंभर-दोनशे किलोमीटर चालवून तीनदा बदललं तर जुनं २० टक्क्यांवर येतं. खर्च साडेसात लिटरचा, पेटी उघडण्यापुढं काहीच नाही.

उद्यमनगर फिटर:
साहेब, हिशोब बरोबर आहे, पण गाडी बघितल्याशिवाय असं सांगू नका. लाखभर किलोमीटर एकदाही न बदललेल्या पेटीत क्लच प्लेटांची झीज तेलात मिसळलेली असते, व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वाटून गिअर टाकणारा भाग) गाळ बसलेला असतो. नवीन तेल तो गाळ सोडवतं. सुटलेला गाळ सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बारीक जाळीत अडकला की दाब पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका सुरू होतो. चालती गाडी बंद पाडायची आणि मग पेटी उघडायचा खर्च मालकानं भरायचा, हे मला पटत नाही.

घाटमाथा:
गाळाची भीती मशीननं फ्लश मारताना (दाबानं तेल ढकलून पेटी धुताना) खरी आहे, तिथं मीही नकोच म्हणतो. नट खोलून आपोआप गळणाऱ्या तेलाला तेवढा जोर नसतो. आणि ‘तेल बदललं म्हणून पेटी गेली’ ही बहुतेक वेळा उलटी गोष्ट असते. पेटी घसरायला लागल्यावर माणूस तेल बदलायला येतो. प्लेटा आधीच संपलेल्या असतात, बोल मात्र तेलावर येतो.

पंचगंगाकाठ:
दोघांचं भांडण किलोमीटरवर चाललंय. ठरवायचं लक्षणांवर.

सकाळी थंड गाडी चालू करा, आयडल खाली बसू द्या, ब्रेक दाबून पी वरून आर आणि मग डी टाका. सेकंद-दीड सेकंदात गाडीनं पकड घ्यायला पाहिजे. दोन-तीन सेकंद लागले तर तेल कमी आहे, नाहीतर आतली सील कडक झाली आहेत. चालताना आरपीएम चढतो आणि गाडी तेवढी उचलत नाही, ते घसरणं.

५० ते ७० च्या वेगात हलक्या पायावर रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येते का? त्याच वेळी डाव्या पायानं ब्रेक पेडल जेमतेम टेकवा. ब्रेकच्या स्विचनं लॉक-अप, म्हणजे कन्व्हर्टरचा तोच लॉक, सुटतो. थरथर तिथल्या तिथं थांबली तर कारण लॉक-अप, आणि हा रोग तेल बदलून बऱ्याचदा बरा होतो. थांबली नाही तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल बघा, मिसफायर अगदी असाच वाटतो. नुसता झटका असेल तर इंजिन माउंट हलवून बघा. तुटलेल्या माउंटमुळं निरोगी पेटी बदनाम होते.

रंगावर जाऊ नका. लाल तेल तपकिरी होणं चालतं. जळका वास आणि बोटांना लागणारी किरकिर वाईट. ड्रेन नटच्या चुंबकावर करड्या मलमासारखा थर नॉर्मल आहे. कीस किंवा तुकडे दिसले तर खर्च तेलावर करू नका.

उद्यमनगर फिटर:
हे मान्य. घसरत नाही, वास नाही, चुंबक स्वच्छ, मग मीही बदलतो. पण घसरणाऱ्या गाडीत नवीन तेल घालून गिऱ्हाइकाला आशा लावणं मला चुकीचंच वाटतं. तिथं प्रेशर गेज लावून लाइन प्रेशर, म्हणजे पेटीतल्या तेलाचा दाब, मोजायचं. दाब बरोबर आणि तरी घसरते म्हणजे प्लेटा गेल्या. दाबच कमी असेल तर पंप, फिल्टर नाहीतर सोलेनॉइड. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून धरून गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणं) करणाऱ्यांनी पाच सेकंदांच्या वर पेडल धरू नये आणि पुढं माणूस उभा करू नये.

आणि तेल बाटलीवर ‘सर्व गाड्यांसाठी’ बघून घेऊ नका. होंडाच्या जुन्या पाच गिअरला डीडब्ल्यू-१ तेल, ह्युंदाईच्या चार गिअरला एसपी-३. घर्षणाचा गुण जमला नाही की थरथर विकत घेतली म्हणायची. होंडाचा ड्रेन नट टॉर्क पान्यानं ४९ न्यूटन मीटरला कसा, वॉशर दर वेळी नवीन.

घाटमाथा:
घसरणाऱ्या गाडीपुरतं तुमचं मान्य करतो. बाकी गाड्यांना ५० हजारांची सवय लावा, यावर मी ठाम आहे.

राजारामपुरी:
पुराचं कुणीच बोललं नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी विकायला आली तर पेटीच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत गेलंय का बघायलाच हवं. डिपस्टिकवर स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दिसलं तर गाडी चालू करू नका. क्लचवरचं कागदी अस्तर चिकटवलेलं असतं, पाण्यानं ते सुटतं. पूर न बघितलेल्या गाडीतही असं दिसू शकतं, कारण रेडिएटरमधला पेटीचं तेल थंड करणारा कूलर फुटून कूलंट तेलात येतो. अशा वेळी तेलाच्या आधी रेडिएटर बदला.

पंचगंगाकाठ:
लेव्हलचं एक राहिलं, आणि इथंच जास्त चुका होतात. होंडात इंजिन गरम करून बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांत डिपस्टिक बघायची. डिपस्टिकवाल्या टोयोटात उलट: इंजिन चालू, सगळे गिअर फिरवून पी मध्ये, मग ‘हॉट’ची खूण. टोयोटाची रीत होंडाला लावली की तेल जास्त भरलं जातं, तेलाला फेस येतो आणि चांगली पेटी घसरल्यासारखी वागते. जितकं निघालं तितकंच मापाच्या भांड्यानं मोजून भरा, मग डिपस्टिक बघा.