युनियन : संघ, केंद्र की संघराज्य?

कासारघाट:
मंडळी, अडकलेय. नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतेय. संविधानाने कुणाला काय अधिकार दिलेत, राज्याकडे काय, पंचायतीच्या वाट्याला काय, असं सगळं सोप्या भाषेत. 'युनियन गव्हर्नमेंट'ला मी सगळीकडे 'संघ सरकार' केलं होतं. मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांनी शेरा मारला, 'संघ म्हटलं की लोक भलतंच समजतात', आणि एका फटक्यात सगळीकडे 'केंद्र सरकार' करून टाकलं. त्यामुळे सातव्या पानावर आता असं छापायला चाललंय: 'संविधानाने मुद्दामच केंद्र हा शब्द न वापरता केंद्र हा शब्द वापरला आहे.'
दुसरं वाक्य माझंच, पण त्याहून सरस आहे. 'भारत हे संघराज्य असले तरी संविधान त्याला संघराज्य न म्हणता संघराज्य म्हणते.' मुळात एकीकडे फेडरेशन आहे, दुसरीकडे युनियन. मराठीत दोन्हींना आपण संघराज्यच म्हणतो. काय करू? सोमवारी द्यायचंय.

जुना_कारकून:
केंद्र सरकार. विषय संपला. नोकरीभर 'केंद्र पुरस्कृत योजना' लिहीत आलो. 'संघ पुरस्कृत' लिहिलं असतं तर साहेबांनी आधी फाइल फेकली असती आणि मग मला. हिंदीत 'संघ लोक सेवा आयोग' आहे, आपण 'केंद्रीय लोकसेवा आयोग' म्हणतो आणि पोरं त्याच नावाने अभ्यास करून कलेक्टर होतात. 'केंद्रशासित प्रदेश'ला संविधानाच्या मराठी प्रतीत 'संघ राज्यक्षेत्र' म्हणतात. दमणला जाताना कुणी म्हणालंय का, 'संघ राज्यक्षेत्रात चाललोय' म्हणून?

पोथीवाला:
कारकूनसाहेब, लोक म्हणतात म्हणून बरोबर, हा न्याय लावला तर कोशच नकोत. अनुच्छेद १ मराठीत सरळ आहे: भारत हा राज्यांचा संघ असेल. 'युनियन' हा शब्द मसुदा समितीने विचारपूर्वक घेतला आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत त्याचं कारणही दिलं. राज्यांनी आपसात करार करून हा संघ उभा केलेला नाही, म्हणून त्यातून फुटून निघण्याचा हक्क कुणालाही नाही. एवढा विचार ज्या शब्दामागे आहे, तो 'केंद्र' म्हणून उडवायचा? केंद्र म्हणजे वर्तुळाचा मध्य. मध्य म्हटला की बाकीचे परिघावर गेले.

बार्शी_लाईट:
पण पोथीवाले, मग 'संघ' हा शब्द तर उलटाच पडतो! आमच्याकडे संघ म्हणजे दूध संघ. गावोगावच्या संस्था आधी, त्यांनी मिळून संघ केला. संस्थांचे प्रतिनिधी संचालक निवडतात, दराच्या सभेत आरडाओरडा करतात, आणि एखादी संस्था रुसली तर दूध दुसरीकडे घालते. खरेदी-विक्री संघाचंही तेच. मराठी माणसाच्या कानाला संघ म्हणजे सभासदांनी केलेली गोष्ट, सभासद हवे तर उठून जातील. बाबासाहेब सांगतायत ते नेमकं याच्या उलट.
अनुच्छेद ३ बघा. राज्य नवं करायचं, तोडायचं, नाव बदलायचं, सगळं संसदेच्या कायद्याने. विधानसभेचं मत मागवायचं असतं, ऐकायलाच पाहिजे असं नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, पुढच्याच महिन्यात संसदेने मंजूर केलं. आपलं राज्यसुद्धा १९६० च्या संसदेच्या कायद्यातून आलं. हुतात्मे आपले, रस्त्यावरची लढाई आपली, पण सही दिल्लीची. कुठल्या दूध संघाला असं जमतं हो, संस्थेची फाळणी करून दोन संस्था करायच्या आणि तिला फक्त पत्राने कळवायचं?

अड्यारकर:
चेन्नईहून लिहितोय. इथे हे भांडण २०२१ मध्ये जोरात झालं. नवं सरकार आलं आणि 'मत्तिय अरसु', म्हणजे केंद्र सरकार, सोडून सगळीकडे 'ओन्ड्रिय अरसु', म्हणजे युनियनचं सरकार, म्हणायला लागलं. विरोधक चिडले: आम्हाला कमी लेखायला हा शब्द काढलाय. सरकार म्हणालं, संविधानात आहे तोच शब्द वापरतोय. गंमत अशी की इथे ओन्ड्रियम म्हणजे पंचायत युनियन, आपल्या पंचायत समितीसारखी. तालुक्याच्या रस्त्यावर पाटी दिसते तीच. म्हणजे दिल्ली एकदम बीडीओच्या ऑफिसाशेजारी येऊन बसली. काहींना तेच हवं होतं, काहींना तेच झोंबलं.

पोथीवाला:
बघा! तमिळ माणसाला कळतं आणि आपल्याला नाही. संविधानात 'केंद्र सरकार' हा शब्द एकदाही नाही.

वैनगंगा:
एकदा तरी आहे. अनुच्छेद २७९-क, जीएसटी परिषद. २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीने आला. तिथे 'सेंट्रल गव्हर्नमेंट'च्या मताचं वजन एकतृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश मतं हवीत, असं चक्क लिहिलंय. मूळ संविधानात टाळलेला शब्द मागच्या दाराने आला. आणि आला तो नेमका कुठे? जिथे सगळी राज्यं एका बाजूला आणि दिल्ली दुसऱ्या बाजूला बसून मतं मोजतात तिथे. हिशेब करून बघा. सगळी राज्यं एकत्र झाली तरी दोनतृतीयांशच, म्हणजे दिल्लीशिवाय ठराव होत नाही. आणि एकटी दिल्लीही काही करू शकत नाही. याला मराठीत काय म्हणायचं ते आधी सांगा, मग संघ-केंद्र बघू.

बार्शी_लाईट:
याला 'अडवणूक' म्हणतात. :)

सातवी_ब:
नागरिकशास्त्र शिकवते म्हणून बोलते. पाठ्यपुस्तकात 'संघराज्य' आणि 'संघशासन' दोन्ही येतं, आणि मुलं 'संघशासन' वाचून 'म्हणजे केंद्र ना बाई?' असंच विचारतात. मी फळ्यावर शेजारी कंसात केंद्र लिहिते. संघ हा शब्द त्यांना कबड्डीतून माहीत असतो.
पण मला खरा त्रास 'राज्य' या शब्दाचा होतो. मधल्या सुट्टीत लपाछपी चालू असते, एकजण ओरडतो, 'तुझ्यावर राज्य!' ज्याच्यावर राज्य येतं तो बिचारा डोळे झाकून आकडे मोजतो आणि बाकीचे मजेत लपतात. पुढच्या तासाला राज्य म्हणजे काय शिकवायचं?

जुना_कारकून:
बाई, यातच सगळं आलं. कुणाच्या अंगावर येणारं राज्य फक्त मराठीत आहे.
जाता जाता: सरकार की शासन? गाडीच्या पाटीवर 'महाराष्ट्र शासन' आणि दिल्लीच्या गाडीवर 'भारत सरकार'. असं का?

पोथीवाला:
कारण 'सरकार' फारसी. मराठी राज्यकारभाराने ते शब्द बाजूला सारायचा प्रयत्न शिवरायांच्या काळातच केला, राज्यव्यवहारकोश त्यासाठीच झाला. 'महापौर' सावरकरांनी दिला आणि आज सगळे म्हणतात. सुरुवातीला हसले असतील, रुळला की नाही? 'संघ सरकार'ही रुळेल. तुम्ही वापरत नाही म्हणून रुळत नाही.

वैनगंगा:
'शासन' म्हणजे शिक्षासुद्धा हो. गुरुजी शासन करायचे ते छडीने. 'सरकार'मध्ये निदान मार नाही.
आणि महापौर रुळला, पण 'प्रांत' कुठे गेला? मुंबई प्रांत संपला, राज्यं आली, तरी आमच्याकडे उपविभागीय अधिकाऱ्याला अजून 'प्रांतसाहेब' म्हणतात. मोठा शब्द एवढासा होऊन बसला, कुणी ठरवलं नव्हतं. रुळवल्याने शब्द रुळतात असं नाही.

कासारघाट:
सगळ्यांचे आभार, पण माझी दोन वाक्यं तशीच आहेत. शिवाय आता सूच्यांचं प्रकरण सुरू झालंय, म्हणजे कुठल्या विषयावर संसदेने कायदा करायचा, कुठल्यावर राज्याने आणि कुठल्यावर दोघांनीही, त्या याद्या. संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची. मुळात ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. तपासणारे म्हणतात, 'समवर्ती' कुणाला कळणार? 'सामाईक सूची' करा.

पोथीवाला:
समवर्ती राहू द्या! फक्त एक सांगतो. अमरकोशात यमाच्या नावांत 'समवर्ती' आहे. धर्मराज, पितृपती, समवर्ती. सगळ्यांशी सारखा वागणारा तो.

बार्शी_लाईट:
म्हणजे १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण आणि वनं राज्य सूचीतून उचलून यमाच्या सूचीत टाकली म्हणायची.

सातवी_ब:
हे मी वर्गात सांगणार.

वैनगंगा:
विनोद राहू द्या, 'सामाईक' चूक आहे. सातबाऱ्यावर विहीर सामाईक असली की प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो, पाळी ठरलेली असते. तिसऱ्या सूचीत तसं नाही. दोघांनी कायदे केले आणि ते एकमेकांशी भिडले, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा टिकतो. राज्याचा टिकायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि त्यानंतरही संसद तो कायदा बदलू शकते. याला सामाईक म्हटलं तर सदस्यांची फसवणूक होईल. त्यातून तिन्ही सूचींत नसलेलं जे उरतं, ते शेषाधिकार, तेही संसदेकडे, अनुच्छेद २४८. १९४६ च्या डिसेंबरात नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात हेच शेषाधिकार घटकांकडे होते. मग फाळणी ठरली आणि काही महिन्यांत वारं फिरलं. तुमच्या पुस्तिकेत हे एका ओळीत तरी घ्या, संघ-केंद्राचा सगळा झगडा तिथून सुरू होतो.

उपसरपंच_बाई:
ताई, तुमची पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे त्यातली मी एक. एवढं वाचलं, राग मानू नका. आमच्याकडे ना संघ ना केंद्र. आमच्याकडे 'तेराव्याचे पैसे आले का?' असं विचारायचे. तेरावा वित्त आयोग. पाहुणे दचकायचे, कुणाचा तेरावा म्हणून. मग चौदावा आला, त्याचे थेट ग्रामपंचायतीलाच यायचे, तेव्हा बरं होतं. पंधराव्यात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचाही हिस्सा आला.
तुम्ही दिल्ली आणि मुंबईत काय वाटलं ते शोधताय. ७३ व्या दुरुस्तीत आमच्यासाठी २९ विषयांची यादी आहे, अकरावी अनुसूची. पण तिथला शब्द बघा. राज्याचं विधानमंडळ कायद्याने अधिकार 'देऊ शकेल'. 'देईल' नाही. तो 'शकेल' पुस्तिकेत नीट लिहा, जाड अक्षरात. दिल्ली राज्यांचं ऐकत नाही म्हणून ओरडणारी सगळी राज्यं आमच्या बाबतीत त्या 'शकेल'वर बसून आहेत.

कासारघाट:
बाई, हे घेतेच. पण माझ्या मूळ मजकुरात त्या ठिकाणी 'देते' असं झालंय, आता तेही बघावं लागेल.

पोथीवाला:
'देऊ शकेल' हे अर्थाने बरोबरच आहे, पण कायद्याच्या मराठीत 'प्रदान करू शकेल' हवं.

बार्शी_लाईट:
काहीही प्रदान करा, पैसे आले पाहिजेत.

जुना_कारकून:
एक राहिलंच. 'सामाईक' की 'सामायिक'? प्रवेश परीक्षेच्या कक्षाचं नाव 'सामाईक' आहे. वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतं.

सातवी_ब:
सामायिक वेगळं! आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे. काकू रोज सकाळी सामायिक करतात, अठ्ठेचाळीस मिनिटं, मध्ये फोन उचलत नाहीत.

पोथीवाला:
ते 'समय'वरून की 'सम'वरून, यावरही मतभेद आहेत.

जुना_कारकून:
सातबाऱ्यावर मी कायम 'सामाईक'च पाहिलंय. खात्री करायची तर तलाठ्याला विचारा.

उपसरपंच_बाई:
तलाठी नाही आता, 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं. आमच्या ग्रामसेवकाचंही नाव बदललं, 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. गावात हाक मात्र 'भाऊसाहेब' आणि 'अण्णासाहेब' अशीच.

वैनगंगा:
आमच्याकडे दोघांनाही 'भाऊसाहेब'. अण्णासाहेब कुठल्या जिल्ह्यात म्हणतात?