मदत हवी आहे: लाइन कव्हरेज ९२ टक्के, तरी पिटमध्ये इतके म्युटंट जिवंत का?

जावा, मेव्हन (बिल्डचं साधन), जेयुनिट ५ (टेस्ट फ्रेमवर्क). युनिट टेस्टचा कस पाहायला पिट लावलंय; ते कोडमध्ये मुद्दाम छोटे बदल (म्युटंट) करून टेस्ट ते पकडतात का बघतं. सुरुवातीला त्याला एकही टेस्ट सापडत नव्हती. पिटचं जेयुनिट ५ प्लगइन वेगळं जोडल्यावर सापडल्या. आता अडचण अशी:

पासवर्ड तपासणीत 'लांबी ८ किंवा जास्त' अशी अट आहे. टेस्ट ३ आणि १२ अक्षरांच्या. तिथला म्युटंट 'सर्व्हाइव्ड' (जिवंत, म्हणजे कुठल्याच टेस्टने न पकडलेला) दिसतो. रिपॉझिटरीच्या (डेटा साठवणाऱ्या क्लासच्या) सेव्ह कॉलवरचाही तसाच. काही 'टाइम्ड आउट' आहेत, ते कशात धरायचे? आणि रन ४० मिनिटं चालतो.

प्रतिसाद १

कव्हरेज फक्त ओळ चालली एवढंच सांगतं, निकाल कुणी तपासला का ते नाही. पिटने 'आठ किंवा जास्त'चं 'आठपेक्षा जास्त' केलं, तरी ३ नापास आणि १२ पासच राहणार. बरोबर ८ अक्षरांची टेस्ट लिहा, तो म्युटंट लगेच मरेल.

सेव्हचं आधी बघा, माझ्या मते तेच जास्त गंभीर आहे. अख्खा कॉल उडवला तरी टेस्ट हिरवी राहते, म्हणजे डेटा साठला नाही तरी कुणाला कळणार नाही. मॉकवर (टेस्टमधल्या नकली रिपॉझिटरीवर) व्हेरिफाय लावा, म्हणजे कॉल झाला का ते तपासलं जाईल, तेही नेमक्या ऑब्जेक्टसह. 'एनी' (कुठलंही ऑब्जेक्ट चालेल) देऊन मोकळे होऊ नका.

टाइम्ड आउट म्हणजे पकडलेलेच. लूपमधल्या वाढीची घट झाली की लूप संपत नाही, म्हणून वेळ संपतो. मात्र दर रनला वेगवेगळे म्युटंट टाइमआउट होत असतील तर मशीनवर ताण आहे. टाइमआउट कॉन्स्टंट (पिटने किती जादा वेळ थांबायचं ते) वाढवा.

वेळेसाठी: थ्रेड्स (एका वेळी किती कामं समांतर चालवायची ते) मुळात १ असतो, ४ करून बघा. पिट वेगळ्या प्रोसेस उघडतं, त्यामुळे एकच फाइल किंवा पोर्ट वापरणाऱ्या टेस्ट आपटतील. इंटिग्रेशन टेस्ट वगळा, टार्गेट क्लासेसमध्ये (कुठल्या कोडमध्ये बदल करायचे ते) एकच पॅकेज द्या, विथ हिस्टरी (आधीच्या रनचे निकाल परत वापरणं) चालू ठेवा.

प्रतिसाद २

भर घालतो. १०० टक्क्यांच्या मागे लागू नका. दोन आकड्यांतला मोठा परत करणाऱ्या मेथडमध्ये 'मोठा'चं 'मोठा किंवा समान' केलं तर आकडे समान असताना कुठलाही परत गेला तरी उत्तर तेच. हा समतुल्य म्युटंट, कुठल्याच टेस्टने मरणार नाही. तो वाचून सोडून द्या. म्युटेशन थ्रेशोल्ड (पकडलेल्या म्युटंटची टक्केवारी, म्हणजे स्कोअर, ज्याखाली गेला की बिल्ड नापास होतो ती मर्यादा) आजच्या स्कोअरच्या किंचित खाली लावा आणि टेस्ट सुधारतील तसा वर न्या.