भावाच्या जन्मठेपेविरुद्ध अपिलाची मुदत उलटली आहे. पुढे काय करता येईल?

कृष्णाकाठची

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला पश्चिम महाराष्ट्रातील एका सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपात दोषी ठरवून जन्मठेप दिली असून तो सध्या मध्यवर्ती कारागृहात आहे. उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी आम्ही एका खाजगी वकिलांना फी दिली आणि वकीलपत्रही करून दिले. अपील दाखलच झालेले नाही, हे मुदत संपून बरेच महिने लोटल्यावर कळले. आता ते फोन घेत नाहीत आणि निकालाची प्रत व साक्षीपुराव्याच्या नकला त्यांच्याकडेच अडकल्या आहेत. आमच्या हाती फक्त दोषारोपपत्राची झेरॉक्स आहे.

या खटल्यात घटना डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकही नाही. आदल्या संध्याकाळी भावाला मयतासोबत पाहिल्याचे सांगणारा एक दुकानदार आणि भावाने काढून दिला असे म्हटलेला एक कोयता, एवढ्यावर शिक्षा झाली. कोयता उसाच्या फडाच्या बांधावरून, पाचटाखालून, सकाळी अकरा वाजता काढून दिल्याचे पंचनाम्यात लिहिले आहे. मात्र दोषारोपपत्रातच ग्रामीण रुग्णालयाचा एक कागद आहे, त्यावर भावाच्या वैद्यकीय तपासणीची वेळ त्याच दिवशी सव्वाअकरा अशी नोंदवली आहे. आणि त्या शेतातून रुग्णालयात पोहोचायला गाडीनेही तासभर लागतो. खटल्यात या कागदावर कोणीही प्रश्न विचारला नाही.

मुदत उलटल्यावर अपील होऊ शकते का, आणि मोफत मिळणारे वकील अशा प्रकरणात खरोखर लक्ष घालतात का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. आमचे चुलते म्हणतात की तो दुकानदार आता ‘मला नीट आठवत नाही’ असे गावात बोलतो, तेव्हा त्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. तसे करावे का?

निवृत्त शिरस्तेदार

ताई, आधी मुदतीचे सांगतो, कारण त्या धास्तीने अनेक कुटुंबे हातपाय गाळून बसतात. सत्र न्यायालयाने दिलेल्या जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत 60 दिवसांची आहे आणि निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. त्यानंतरही मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज जोडून अपील दाखल करता येते. माणूस तुरुंगात आहे, घरच्यांनी वकील दिला होता आणि त्या वकिलांनी काम केले नाही, हे कारण तारखांसह व फी दिल्याच्या पुराव्यासह मांडले, तर न्यायालये आरोपीच्या अपिलात सहसा ताठर भूमिका घेत नाहीत. तरीही यापुढचा प्रत्येक वाया गेलेला आठवडा तुम्हाला समजावून सांगावा लागेल, म्हणून आता थांबू नका.

दुसरे म्हणजे, या कामासाठी तुम्हाला मुंबई गाठण्याची गरज नाही. कैद्याला तुरुंगातूनच अपील करता येते. जुन्या दंडप्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम 383 होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 424 आहे. भावाने अपिलाचा अर्ज अधीक्षकांकडे द्यायचा आणि त्यांनी तो न्यायालयाकडे पाठवायचा, अशी ती पद्धत आहे. त्याच अर्जात ‘मला विधी सेवा समितीमार्फत वकील मिळावा’ असे स्पष्ट लिहावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालत बसू नका. तुमचा जिल्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग यांपैकी असेल, तर ऑगस्ट 2025 पासून अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे (खंडपीठापुढे) जाईल. जिल्हा न्यायालयातील लोकअभिरक्षक कार्यालय (विधी सेवेच्या मोफत बचाव वकिलांचे कार्यालय) हे अर्ज तयार करून देण्यास मदत करू शकते, आणि 15100 ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे.

अडकलेल्या कागदांची फार चिंता करू नये. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये होसकोट प्रकरणात, म्हणजे महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, सांगितले आहे. शिवाय अपील दाखल झाल्यावर उच्च न्यायालय खालच्या न्यायालयातून मूळ अभिलेख मागवते, त्यात सर्व साक्षी व पंचनामे असतातच. वकिलांना फीच्या कारणावरून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, असाही सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल आहे, तेव्हा रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवून ठेवा. बार कौन्सिलकडे तक्रार करायची असल्यास ती स्वतंत्रपणे करा. तिच्या निकालाची वाट पाहत अपील रखडवू नका.

फौजदारी वकील

वरील माहिती योग्य आहे. मी गुणदोषांबद्दल लिहितो.

प्रथम, दुकानदाराकडे कोणीही जाऊ नये. खटला संपल्यावर साक्षीदाराने दिलेल्या प्रतिज्ञापत्राला अपिलात क्वचितच वजन मिळते, आणि नातेवाइकांनी ते मिळवले असेल तर साक्षीदारावर दबाव आणल्याचा ठपका मात्र तुमच्यावर येतो. चुलत्यांचा हेतू चांगला असला तरी त्यांना कृपया आवरा.

रुग्णालयाच्या कागदावर निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून स्वीकारलेल्या कागदावर न्यायालय टाकते तो क्रमांक) आहे का, हे निकालाच्या प्रतीवरून तपासा. तो सिद्ध होऊन निशाणी पडली असेल, तर वरच्या न्यायालयात त्यावर थेट युक्तिवाद करता येईल. नसेल, तर अपिलात अतिरिक्त पुरावा घेण्याचा अर्ज करावा लागेल (जुने कलम 391, नवे 432). तो मंजूर करणे न्यायालयाच्या विवेकाधीन असते, पण सरकार पक्षाने स्वतःच दाखल केलेला कागद असल्यामुळे तुमची बाजू बरी आहे. त्याच वेळी सगळी भिस्त त्या एका वेळेवर ठेवू नये, कारण डॉक्टरांनी वेळ चुकून लिहिली असे म्हणायला सरकार पक्ष मोकळा आहे. बांधावरचा कोयता कोणालाही सापडू शकेल अशा उघड्या जागेत होता का, त्यावरचे रक्त मयताचेच असल्याचे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातून सिद्ध होते का, पंच उलटतपासणीत काय म्हणाले आणि शेवटचे एकत्र दिसणे व मृत्यू यांत किती तासांचे अंतर आहे, हे मुद्दे अधिक पक्के आहेत. केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर आरोपीच्या निर्दोषत्वाला वाव न ठेवणारी पूर्ण साखळी हवी, हा 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा निकालातील दंडक आजही लागू आहे.

अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा व जामिनाचा अर्ज द्यावा. जन्मठेपेत तो सहज मंजूर होत नाही आणि सरकार पक्षाला आधी म्हणणे मांडण्याची संधी मिळते, परंतु भावाने बराच काळ तुरुंगात काढलेला असेल आणि अपिलाची सुनावणी लवकर होण्याची चिन्हे नसतील, तर न्यायालय त्याचा विचार करते. ‘अमुक दिवसांत जामीन करून देतो’ असे सांगणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका.

माणदेशी

मोफत वकिलांबद्दल विचारले आहे, म्हणून आमच्या चुलतभावाच्या प्रकरणातील अनुभव सांगतो. समितीने दिलेले पहिले वकील उत्तर देत नव्हते. आम्ही समितीच्या सचिवांना लेखी अर्ज दिला आणि वकील बदलून मिळाले. दुसऱ्या बाईंनी मात्र साक्षी ओळीन् ओळ वाचल्या होत्या. नियुक्तीचे पत्र मागून घ्यावे, वकिलांना पहिल्याच भेटीत तारखांची दोन पानांची टिपणी द्यावी आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरण स्वतः पाहत राहावे. या वकिलांना पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितले तर तेही समितीला कळवावे.

तुमच्या कागदावरून एक निकाल आठवला. 2003 च्या एका दरोडा व खून प्रकरणात महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती. जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखल्याची नोंद तपासाच्या कागदांत होती, पण त्या चौघांवर खटलाच चालवला गेला नाही. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. त्याच न्यायालयाने मार्च 2019 मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. यास सोळा वर्षे लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. चुलत्यांना मी आजच थांबवले आहे. झेरॉक्समधील रुग्णालयाच्या कागदावर निशाणी दिसत नाही, पण ती आमची जुनी प्रत आहे. भेटीच्या दिवशी भावाची अर्जावर सही घेऊन तो मीच बाहेर आणावा, की त्यानेच आत द्यावा?

निवृत्त शिरस्तेदार

त्यानेच आत द्यावा, म्हणजे कारागृहाच्या आवक नोंदवहीत तारीख पडेल आणि विलंबमाफीच्या अर्जात तीच तारीख दाखवता येईल. कारागृहातील विधी सहाय्य केंद्रात विधी स्वयंसेवक येतात, अर्ज लिहायला ते मदत करतील. जुन्या वकिलांचे वकीलपत्र रद्द केल्याचा उल्लेख त्यात अवश्य करावा, आणि नवे वकीलपत्र तुरुंगाधिकाऱ्यांसमोर सही करून साक्षांकित करून घ्यावे. निशाणीचे जुन्या प्रतीवरून ठरवू नका. खटल्यात पडलेला क्रमांक तुमच्या झेरॉक्सवर येणारच नाही, तो मूळ कागदावर असतो. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात त्या एका कागदाच्या प्रमाणित नकलेसाठी वेगळा अर्ज टाका.