काळ्या मातीत सळईचं माप का चुकतं

शेतातली धूप मोजायला जमिनीत सळई ठोकतात आणि ती मातीच्या वर किती उघडी पडली ते पट्टीने दोनदा मोजतात. १ मिमी थर गेला तर एकरी ५.३ टन माती जाते, हा हिशेब बरोबर: ४,०४७ चौ.मी. × ०.००१ मी. × मातीची घनता १.३ टन प्रति घनमीटर. गोम त्या १ मिलिमीटरात आहे. नागपूरकडची काळी माती ओलीत फुगते. मे महिन्यात कोरडी आणि सप्टेंबरात ओली मोजली तर धूप होऊनही जमीन चढलेली दिसते. दोन्ही मापं मे महिन्यातच घ्या. सळईच्या बुडाशी पाण्याने खळगा पडतो, पट्टी त्यात टेकवू नका.

वखर फिरणाऱ्या वावरात सळई टिकतच नाही. तिथे उताराच्या खालच्या तोंडाशी खड्ड्यात प्लास्टिक अंथरून गाळ धरा. सगळा गाळ ओला तोला, त्यातला १ किलो १०५ अंशांवर २४ तास वाळवून कोरड्या वजनाचं प्रमाण काढा. गढूळ पाण्याबरोबर बारीक चिकणमाती मात्र वाहून जाते, म्हणून हा आकडा किमान समजा.