मदत हवी आहे: मांजरीला गाडीने चिपळूणला न्यायचंय

पुढच्या महिन्यात आम्ही कोथरूडहून चिपळूणला कायमचे राहायला जातोय. मनी आजवर फक्त डॉक्टरांकडे गेलेली. तिचा पिंजरा आत्तापासूनच हॉलमध्ये उघडा ठेवलाय, आत तिची जुनी चादर. आता ती त्यात खुशाल झोपते, पण गाडी सुरू झाली की ओरडते, लाळ गळते. निघण्याआधी काही तास खायला देणार नाही, पाणी देऊ.

खरी धास्ती वळणांची आहे. ताम्हिणीतून जावं की कराडवरून कुंभार्ली घाटाने? मांजर घेऊन कुणी गेलंय का? तुमच्या डॉक्टरांनी मळमळीचं औषध दिलं होतं का, ते आधी घरी देऊन पाहिलंत का? माणसांच्या गोळ्या कृपया सुचवू नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.